दाजींच्या विलायती वाघिणी

आमच्या दाजींनी विलायतेत जितका माल इकडचा तिकडे नेला, तितका तिथल्या राजाराणीच्या कारकिर्दीतही कुणी नेला नसेल, आणि तोही कर्जतच्या भिसेगावातल्या एका खोलीतून न हलता. कोळसा नेला, मीठ नेलं, मासळी नेली, मेंढ्या नेल्या, बंदुकीची दारू नेली, केळी नेली. गाडी मात्र आजवर एक वीतही पुढे सरकलेली नाही. कारण त्यांच्या गाडीला इंजिनच नाही. दाजींनी इंजिन कधी केलं नाही आणि करणारही नाहीत. प्रवाशांचे डबेही केले नाहीत. ते फक्त मालगाडीचे डबे करतात, तेही आपल्याकडचे नव्हेत, फार जुन्या काळी इंग्लंडात धावायचे ते चार चाकांचे. कुणी विचारलंच की इंजिन का नाही, तर म्हणतात, "इंजिनाकडं समदं जग बघतं. वाघिणीकडं कोन बघतं? फाटकात अडकलेला मानूस. तो बी शिव्या देत."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मालडब्याला वाघीण म्हणायचं ही त्यांच्या वडिलांच्या वेळची पद्धत, ती त्यांनी सोडली नाही. माझी ताई त्यांना डबडी म्हणते. लग्न झाल्यापासून त्या दोघांत जी काही भांडणं झाली त्यातली निम्मी तरी याच दोन शब्दांत झाली असतील. "तुमची डबडी उचला, मला पापड वाळत घालायचेत." "डबडी नाय गं, वाघिणी." "वाघिणी रानात असतात. घरात असतात ती डबडी." असं सकाळी सुरू झालं की दुपारच्या जेवणापर्यंत पुरत असे.

नोकरी त्यांनी केली एसटीच्या आगारात. चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे, हे काम. आयुष्यभर बसगाड्या ठोकल्या आणि जीव लावला मालगाडीवर. याला कारण एक पुस्तक. एकदा भंगारवाल्याच्या हातगाडीवर त्यांना ते दिसलं. मुखपृष्ठ नव्हतं, मागची पानंही गेलेली. पण आत पानोपानी इंग्लंडच्या जुन्या मालडब्यांची चित्रं होती, बाजूनं, समोरून, वरून, आणि प्रत्येक फळीला, प्रत्येक रिवेटला माप लिहिलेलं. दाजींना इंग्रजी येत नाही, आकडे तेवढे कळतात. पण पत्रा ठोकणाऱ्याला माप म्हणजे भाषाच. घरी येऊन त्यांनी तुपाचा रिकामा डबा कापला आणि पहिली वाघीण केली. वीतभर लांब असेल. ताई सांगते, त्या दिवशी त्यांना जेवायला तीनदा हाक मारावी लागली, आणि तेव्हापासून प्रत्येक जेवणाला तीनदाच हाक मारावी लागते.

मापं कळली तरी चित्राखालचं लिहिलेलं कळत नसे. ते वाचून दाखवायला सुजाता होती. सुजाता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि आतल्या खोलीत बापापाशी बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेक ओळ लावायची. "बाबा, हा मिठाचा डबा. याला घरासारखं उतरतं छप्पर का, तर पाऊस गळून मीठ विरघळू नये." दाजी हातातली कात्री खाली ठेवून म्हणत, "बघ. शानी मानसं." शाळेत बाईंनी इंग्रजीतला कुठलाही एक शब्द सांगा म्हटलं तर बाकीच्या मुलींनी मांजर, आंबा असलं सांगितलं, सुजातानं चाकाच्या आसाला तेल देणाऱ्या पेटीचं नाव सांगितलं. बाईंना वाटलं पोरीनं शिवी दिली. ताईला शाळेत बोलावणं आलं. ताई दोन दिवस दाजींशी बोलली नाही, आणि दाजींच्या ते चौथ्या दिवशी लक्षात आलं.

ही परक्या मुलखातली भानगड तुम्हाला कशाला, असं एकदा मीच त्यांना विचारलं होतं. मी कुणाला सहसा काही विचारत नाही, म्हणून त्यांना त्याचं महत्त्व वाटलं असावं. ते म्हणाले, "परकी कशी? आपल्या घाटातनं पयल्या ज्या मालगाड्या चढल्या, त्यांचं डबं बोटीतनं तिकडनंच आलं. आपल्याच लोकांनी ते भरलं, आपल्याच लोकांनी ढकललं. पावनं आलं, ऱ्हायलं, हितंच भंगार झालं. त्यांची आठवन कुनी ठेवायची?"  

त्या देशात एक रीत होती म्हणे, कोळशाच्या खाणीचा मालक आपल्या डब्यांवर मोठ्या ठळक अक्षरांत स्वतःचं नाव आणि गाव लिहून घ्यायचा. ही रीत दाजींना फार आवडली. पण त्या मालकांची नावं घालणं त्यांना पटेना. "मेलेल्या सायबांची जाहिरात मी कशाला करू?" म्हणून त्यांनी भिसेगावची नावं घातली. लाल डब्यावर पांढऱ्या अक्षरांत कोपऱ्यावरच्या भाजीवालीचं नाव आलं, काळ्यावर न्हाव्याचं, करड्यावर पिठाच्या गिरणीवाल्याचं. नावापुढे "आणि कंपनी". भाजीवाली खास बघायला आली आणि आपलं नाव बघून पदरात तोंड लपवून हसली. तिला कुणी कंपनी नव्हती, नवरा होता तो कधीच निघून गेलेला. मग ताई हटून बसली की माझंही नाव घाला. दाजी म्हणाले, "डब्यावर धंद्याच्या मालकाचं नाव असतं. तुझा धंदा कंचा?" ताई म्हणाली, "तुमाला सांभाळनं. ह्या अख्ख्या कर्जतात कुनी घेईल का तो धंदा?" दाजींनी बराच विचार केला आणि गुरांच्या डब्यावर तिचं नाव घातलं. पुन्हा अबोला.

डबा रिकामा ठेवणं त्यांना मंजूर नसे. कोळशाच्या वाघिणीत खराच कोळसा, लोहारापासून आणून सुपारीएवढा फोडलेला. मिठाच्या वाघिणीत खरं मीठ. पावसाळ्यात त्या मिठाला पाणी सुटलं आणि उतरत्या छपराखालून फळीवर टपटप गळायला लागलं, तेव्हा ताई म्हणाली, "शानी मानसं!" मासळीच्या डब्यात त्यांनी सुकट भरली. त्या आठवड्यात भिसेगावातली झाडून सारी मांजरं खिडकीशी येऊन बसली. शेवटी मासळीची वाहतूक बंद करावी लागली. दारूगोळ्याच्या डब्यात त्यांनी दिवाळीच्या टिकल्यांचं एक वेटोळं ठेवलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की तिकडे दारूच्या डब्यात जाताना माणसं नाल ठोकलेले बूट काढून मऊ कातड्याचे घालायची, ठिणगी उडू नये म्हणून. झालं. त्या दिवसापासून आतल्या खोलीत शिरताना चपला बाहेर. बचत गटाच्या बायका आल्या, त्यांच्याही चपला उतरवल्या, आणि एकीला तर पायातली जोडवी काढायला सांगितली. ती पुन्हा आली नाही.

माझा आणि त्यांचा संबंध आला तो धुरामुळे. दाजी वाघीण रंगवत तेव्हा बघत राहावं असं काम. केसाएवढी रेघ, हात जराही हलायचा नाही. पण रंग वाळला की ती नवी कोरी चकाकणारी वाघीण त्यांना बघवत नसे. "ही कुठं गेलेली नाय. हिला अजून कायबी ठावं नाय," म्हणत. मग तिला जुनी करायची. चहाचं पाणी लावत, गंजलेल्या खिळ्यांची पूड चोळत. पण खरा रंग यायचा चुलीच्या धुरानं. ताईकडे गॅस आला आणि तिची चूल बंद झाली. माझ्याकडे लोधिवलीला आंघोळीच्या पाण्याची चूल अजून आहे. तेव्हापासून दाजी पिशवीत वाघिणी घालून, सहा आसनी रिक्षा पकडून, चौक गावावरून माझ्याकडे यायला लागले. माझे यजमान गेल्यापासून मी त्या घरात एकटीच असते. सकाळी एका खानावळीत भाकऱ्या करते, दुपारी घरी. दाजी यायचे, चुलीवर तारेनं वाघिणी टांगायचे, ओली लाकडं घालायचे आणि डोळे चोळत बोलत बसायचे. कुठली वाघीण कुठल्या खाणीतून निघाली, वाटेत कुठे अडकली, सगळं डोळ्यांनी बघितल्यासारखं. मी भाजी निवडत ऐकायची. एकदा म्हणाले, "धाकटे, तू मदी बोलत नाय, म्हनून तुझ्यासंगं बोलताना माजं मलाच ऐकू येतं." मला आयुष्यात कुणी इतकं चांगलं म्हटलेलं नाही. मी उठून चुलीत फुंकर घातली, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तरी धुरानं आलं असं वाटावं.

असं चाललं होतं. सुजाता शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिथंच लग्न झालं. पुस्तक वाचून दाखवणारं कुणी उरलं नाही, पण तोवर दाजींना सगळी पानं पाठ झालेली होती. आतली खोली, जिथं सुजाता अभ्यास करायची, ती हळूहळू पूर्णच वाघिणींची झाली. तिची खाट गेली, तिथं फळ्या आल्या. तिच्या कपाटात रंग, पत्रे, कात्र्या. भिंतभर वाघिणी. वासही तसाच, रॉकेलचा, रंगाचा, धुराचा. ताई कुरकुरायची, पण तीही सवयीनं.

मग सुजाताला दिवस राहिले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडे सांगायची गोष्टच नाही. ताईनं बातमी ऐकल्याच्या दिवसापासून ओवा, बाळंतशोपा, डिंक जमवायला घेतला. स्वयंपाकघर सोडलं तर घरात खोल्या दोन. बाहेरची रस्त्यावरची, जाणाऱ्यायेणाऱ्यांची. बाळंतीण ठेवायची तर आतलीच खोली. मी रविवारी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा ताईनं पुण्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मोठ्यानं ठेवला. सगळ्यांना म्हणजे मला आणि दाजींना. म्हणाली, "कंच्या तारखेला येतीस गं? मंग मी खोली आवरायला घेते."

सुजाता म्हणाली, "आई, खरं सांगू का, मी इथंच राहते. सासूबाई आहेत, दवाखाना समोरच आहे. उगाच बाबांची खोली कशाला मोडता?"

ती रागानं बोलली नव्हती. अगदी समजुतीनं बोलली, एखाद्या पाहुणीनं तुम्हाला त्रास नको म्हणून सांगावं तसं. दाजी तेव्हा एका डब्याला साखळी जोडत होते. त्यांचा हात थांबला. बाबांची खोली. त्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर अजून पेन्सिलच्या रेघा आहेत, दर वाढदिवसाला सुजाता किती उंच झाली त्याच्या. ताईनं फोन ठेवला आणि पदर डोळ्याला लावला. "माहेर असून पोर सासरी बाळंत होनार. लोक काय म्हनतील ते ऱ्हाऊ दे. मलाच काय वाटंल?"  त्या दिवशी ताईनं जेवायला एकदाच हाक मारली आणि दाजी उठून आले.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या दारात टेंपो उभा राहिला. मागे जुन्या साड्यांत गुंडाळलेल्या, भाताच्या तुसात बसवलेल्या साऱ्या वाघिणी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी दाजी. ड्रायव्हर वैतागलेला होता. कर्जतपासून लोधिवलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला दाजींनी त्याला थांबवलं होतं. खोकी उतरवताना तो म्हणाला, "काका, यात हाय तरी काय?"

"कोळसा, मीठ, मेंढ्या."

"मेंढ्या? मंग वरडत कशा नायत?"

"बरीच वर्षं गाडीत हायेत. सवय झाली."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

माझ्या घरी भांड्यांची मांडणी होती ती मी रिकामी करून दिली. दाजींनी एकेक वाघीण पुसून लावली आणि माझ्या हातचा चहा घेऊन निघाले. दारात वळून म्हणाले, "आता येईल ना गं ती?"

पण ती आली नाही. ताईनं फोन करून सांगितलं की खोली रिकामी झाली. सुजाता म्हणाली, "तू भांडून काढायला लावलं असशील. मी तिथं आले तर बाबा रोज त्या रिकाम्या भिंतीकडं बघत बसतील. मला नाही बघवायचं ते." ताईनं शपथा घातल्या. उपयोग नाही. मग तिनं फोन दाजींच्या हातात कोंबला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तुमी बोला. नुस्तं 'ये' म्हना. एवढंच म्हना." दाजींनी फोन कानाला लावला. घसा साफ केला. म्हणाले, "पाऊस हाय का तिकडं?" तिकडून काहीतरी उत्तर आलं. "बरं बरं," म्हणाले आणि फोन परत दिला. ताईनं कपाळाला हात लावला.

दाजींना बोलता येत नाही असं नाही. एका चाकाबद्दल ते दुपारभर बोलतील. पण जे बोलायचं ते वाघिणीच्या वाटेनंच. सरळ वाट त्यांना कुणी दाखवलेली नाही, आणि मलाही ती कधी सापडलेली नाही, म्हणून मला त्यांचा राग येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा भिसेगावला गेले. दाजी रिकाम्या खोलीत जमिनीवर पुस्तक उघडून बसले होते. ते एकच पुस्तक त्यांनी माझ्याकडे पाठवलं नव्हतं. मला म्हणाले, "धाकटे, ह्या पानाचा फोटू काढून सुजाताला धाड." माझ्या फोनमधून फोटो पाठवायला मला नुकतंच जमायला लागलं होतं. मी पाठवला. मग त्यांनी स्वतः तिला फोन लावला. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली.

"ते वाच," दाजी म्हणाले.

"बाबा, हा केळ्यांचा डबा. हा तर झालाय ना? मी बारावीत असताना केला होतात."

"तवा चित्रावरनं केला. खालचं नीट ऐकलं नव्हतं. वाच."

सुजाता वाचायला लागली. थोडं अडखळत, मग सरावानं, लहानपणी वाचायची तशी. केळी दूरच्या मुलखातून बोटीनं यायची. तिकडची थंडी त्यांना सोसत नसे. म्हणून हे डबे वेगळे करत. भिंत दुहेरी, मध्ये ऊब धरून ठेवणारं काही भरलेलं. दाराच्या कडांना गादीसारखी पट्टी, फटीतून वारं शिरू नये म्हणून. खाली गवताचं अंथरूण. इंजिनातून वाफेची नळी आणून आत ऊब दिलेली. दाजी एकेका वाक्याला मान हलवत होते.

वाचून झाल्यावर सुजाता म्हणाली, "पण बाबा, झालेला डबा आता परत कशाला करताय?"

"मोठा करायचा हाय."

"केवढा?"

"धा बाय बारा."

 दहा बाय बारा म्हणजे ती आतली खोली. तिलाही ते माहीत होतं, याच खोलीच्या फरश्या मोजत ती पाढे शिकली.

दाजी फोनकडे न बघता भिंतीकडे बघून बोलायला लागले. "तवा थंडी असंल ना गं. कोंडाण्याच्या लेन्यांकडनं डोंगराचं वारं उतरतं. ह्या खिडकीतनं येतं, दाराखालनं येतं. मोठ्या मानसाला चालतं. बारक्या जिवाला नाय चालायचं. मी समदं बंद करतो. वाफेचं जमायचं नाय, पन शेगडीचं बघतो."

"अवो!" ताई दारातून ओरडली. "पोरीला केळं समजलाय काय तुमी?"

सुजाता हसत होती की रडत होती ते फोनवरून कळेना. मग नाक ओढून म्हणाली, "पुढच्या महिन्यात येते, बाबा. पट्ट्या नीट बसवा."

दाजींनी पट्ट्या नीट बसवल्या. इतक्या नीट की त्या गावात कुठल्याच सुताराला जमल्या नसत्या. भिंतींना आतून दुसरी पातळ फळी, मध्ये तागाची पोती आणि जुन्या घोंगड्यांचे तुकडे. दाराच्या चारी कडांना बसच्या खिडकीला असतं ते काळं रबर. दार लागलं की आवाज यायचा, मोठ्या माणसानं सुस्कारा टाकावा तसा. शेजारीपाजारी येऊन दार लावून बघत आणि कौतुक करत. भाजीवाली म्हणाली, "माज्या कंपनीला बी असं एक करून द्या." फक्त पेन्सिलच्या रेघा होत्या ती चौकट त्यांनी झाकली नाही. तिथं रबर मागून फिरवून आणलं.

मुलगी झाली. मी बघायला गेले तेव्हा ती आठेक दिवसांची होती. दाजींनी तिला हातात घेतलं नव्हतं, माझे हात खरखरीत आहेत म्हणत होते. ताईनं जबरदस्तीनं त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ तिची बोटं बघितली. मग मला हळूच म्हणाले, "नखं बी हायेत गं. एवढ्या बारीक कामाला हत्यार कंचं वापरलं आसंल?"

चूक काय झाली ती पहिल्या शेकाच्या दिवशी कळली. बाळबाळंतिणीला आंघोळ घालायला डोंगराकडच्या ठाकरवाडीतून एक म्हातारी यायची. तिनं आंघोळ घातली, ताईनं शेगडीत निखारे घालून त्यावर ओवा आणि शोपा टाकल्या, आणि दाजींनी बाहेरून दार लावलं. सुस्कारा आला. पाचदहा मिनिटंही झाली नसतील, आतून दारावर धपाधप थापा पडल्या. "बाबा! पिकले मी! उघडा आता!" दार उघडलं तर आधी धूर आला, त्यामागून बाळाला छातीशी धरून ताई, मग घामानं निथळणारी सुजाता, आणि शेवटी ती म्हातारी. ती पायरीवर बसून पदरानं वारा घेत म्हणाली, "दादा, बाळंतीन ती हाय, मी नाय. मला कशाला शेकलास?" केळ्यांना घाम येत नाही आणि दमही कोंडत नाही, एवढी एक गोष्ट दाजींच्या ध्यानात राहिली नव्हती.

ते फार घाबरले. त्या दिवशी जेवलेच नाहीत. शेगडी खोलीबाहेर गेली ती गेलीच. मग त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं आणि भिंतीला वरच्या बाजूला सरकत्या पट्ट्यांचे झरोके केले, हवे तेव्हा उघडायचे, नको तेव्हा बंद. पुढच्या पानावर मांस न्यायचा डबा होता, हवा खेळती राहावी अशी सोय असलेला. तिथून ती युक्ती घेतली. हे मला सांगून वर बजावलं, "तुझ्या भैनीला सांगू नको. केळ्याला एवढं बोलली, ह्याला काय बोलंल?"

ते महिने फार चांगले गेले. मी दर रविवारी जायची. दाजी झरोक्यांच्या दोऱ्या हातात घेऊन बाहेर बसलेले असायचे. वारं फिरलं की एक ओढायचे, दुसरी सोडायचे. ताई त्यांना गार्डसाहेब म्हणायला लागली. वाघिणींची त्यांनी चौकशीही केली नाही. मीच एकदा सांगितलं की मिठाच्या डब्याला पाणी सुटलंय, तर म्हणाले, "सुटू दे," आणि पुन्हा दोरी धरली.

मग सुजाताची रजा संपली. जावई गाडी घेऊन आले. दाजींनी गाडीच्या खिडक्यांची रबरं तपासली, एका ठिकाणी फट आहे म्हणाले आणि तिथं ताईच्या साडीची पट्टी कोंबली. गाडी वळेपर्यंत ते रस्त्यात उभे होते. फाटकात अडकलेल्या माणसासारखे नाही, तर ज्याला फाटक उघडायची घाई नाही अशा माणसासारखे.

त्याला आता काही महिने झाले. वाघिणी माझ्याकडेच आहेत. मी रविवारी त्यांची धूळ पुसते. भाजीवाली आणि कंपनी, न्हावी आणि कंपनी, गुरांच्या डब्यावर ताई. दाजी अधूनमधून येतात, चुलीशी बसतात, पण पिशवी रिकामी असते. ताई स्वतःहून म्हणाली, "आना आता तुमची डबडी परत. घर कसं खायला उठतंय." ती डबडी म्हणाली तरी दाजींनी दुरुस्त केलं नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. खोली मोकळी असली म्हंजे तिला यावंसं वाटंल." सुजाता फोनवर म्हणते, दिवाळीला बघू. तिला रजा मिळणं कठीण आहे, हे त्या दोघांनाही कळतं.

परवा मी गेले तर बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. आतलं दार लावलेलं. मी हाक मारली तर आतून दाजींचा आवाज आला, "धाकटे, पटकन आत ये आन दार लाव." मी आत शिरले. मागे दारानं सुस्कारा टाकला. खोलीत काहीच नव्हतं. खाट नाही, पाळणा नाही, फळ्या नाहीत. भिंतीला टेकून दोघं जमिनीवर बसली होती. झरोके बंद. मी काही विचारणार तोच मला कळलं. त्या खोलीत अजून ओव्याचा, शोपांचा, तेलाचा आणि तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास होता. इतक्या महिन्यांनी. दाजींनी एकही फट ठेवली नव्हती, त्यामुळे तो कुठे गेलाच नव्हता.

मी ताईशेजारी बसले.  ताईनं डोळे मिटले आणि छाती भरून एक मोठा श्वास घेतला.

"हळू घे गं," दाजी म्हणाले. "दिवाळीपतुर पुरवायचा हाय."